राखेची विद्या

राख हा शब्द उच्चारतांच आपल्या मनांत शेवटाची कल्पना येते. चूल विझली म्हणजे राख उरते, देह पडला म्हणजे राख उरते, आणि एखाद्याच्या मनोरथांचा पूर्ण विध्वंस झाला म्हणजे त्यांची राखरांगोळी झाली असें आपण म्हणतों. तथापि आपल्या घरांतील जुन्या बायकांनीं राखेस कधींही निरुपयोगी मानलें नाहीं. भांडीं घांसावयास राख, कडधान्यास कीड लागूं नये म्हणून राख, दांतांस राखुंडी आणि कपाळास विभूति, अशी तिची ठिकठिकाणीं योजना त्यांनीं करून ठेविली होती. परंतु राखेनें मनुष्यजातीची जी सर्वांत मोठी सेवा केली ती कुंभाराच्या भट्टींत केली. मातीच्या भांड्यावर कांचेसारखें तकतकीत व पाणी न झिरपूं देणारें कवच चढविण्याची कला पूर्व आशियांत राखेपासून जन्मास आली. आणि भाताचा पेंढा व तूस यांच्या राखेनें त्या कलेंत जी भर घातली, तिचा इतिहास तर एका युद्धाशीं व त्यांतील बंदिवानांशीं निगडित झालेला आहे. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आरंभीं राख म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. वनस्पति मुळांवाटे पाण्याबरोबर जीं खनिज द्रव्यें शोषून घेते त्यांपैकीं बहुतेक जाळल्यानें नाहींशीं होत नाहींत; पानें, खोड, साल हीं जळून गेलीं तरी तीं द्रव्यें मागें राहतात, व त्यांसच आपण राख म्हणतों. म्हणजे राख ही एका अर्थीं त्या झाडानें वेंचून घेतलेली जमीनच होय. मात्र प्रत्येक वनस्पतीची वेंचण्याची रीत निराळी. लांकडाच्या राखेंत चुन्याचा अंश पुष्कळ असतो व त्याच्या जोडीस पोटॅश आदिकरून खार असतात. भातासारखीं गवताच्या कुळांतील पिकें सिलिका, म्हणजे वाळूंत व गारगोटींत असणारें द्रव्य, मोठ्या प्रमाणांत घेतात. भाताच्या पात्यावरून उलटें बोट फिरविलें असतां तें कापतें, तें या सिलिकेमुळेंच. तुसांत तर तिचा केवळ साठा असतो. १०० किलो भात भरडलें असतां सुमारें २० किलो तूस निघतें. तें जाळल्यास सुमारें ४ किलो राख उरते. आणि त्या राखेंत शेंकडा ८५ ते ९५ भाग सिलिका असते.

आतां कांचेचें मुख्य द्रव्य सिलिका हेंच आहे; पण शुद्ध सिलिका वितळविण्यास सुमारें १,७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, व ती कोणत्याही कुंभाराच्या आटोक्याबाहेरची आहे. तिच्यांत चुना व खार मिसळले म्हणजे मात्र ती पुष्कळच कमी आंचेवर वितळते. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, लांकडाची राख ही वितळविणारी, भाताची राख ही कांचेस द्रव्य पुरविणारी, आणि माती ही त्या वितळलेल्या रसास भांड्यावरून ओघळूं न देतां धरून ठेवणारी, अशी ही त्रयी आहे. पूर्वेकडील झिलईचें सारें रहस्य या तिघांच्या प्रमाणांत आहे.

हें रहस्य प्रथम चीन देशांत उघड झालें, व तें बहुधा योगायोगानें. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं, शांग राजांच्या काळीं, तेथील कांहीं भट्ट्या १,२०० अंशांपर्यंत तापूं लागल्या होत्या. अशा भट्टींत लांकूड जळत असतां ज्वालेबरोबर उडालेली बारीक राख भांड्यांच्या खांद्यांवर येऊन बसते, तेथल्या मातींतील सिलिकेशीं एकजीव होते, आणि भट्टी निवाल्यावर त्या जागीं हिरवट कांचेचे थेंब व ओघळ दिसूं लागतात. भट्टीनें आपण होऊन जें केलें तें कोणा चाणाक्ष कुंभारानें हातानें करून पाहिलें; राख व माती पाण्यांत कालवून तो राबडा भांड्यावर अगोदरच माखला, आणि झिलई सिद्ध झाली. दक्षिण चीनमध्यें डोंगराच्या उतारावर बांधलेल्या, लांबच लांब सापासारख्या भट्ट्या पुढें प्रचारांत आल्या. त्यांस ‘नागभट्टी’ या अर्थाचें नांव आहे. तेथें भाजलेलीं हिरवीं भांडीं अरबस्तानापर्यंत गेलीं. जिंगदेजेन या जगप्रसिद्ध कुंभारनगरींतील शुभ्र पोर्सेलिनची झिलई देखील राखेवांचून होत नसे. दांत्रकोल या फ्रेंच जेसुइट पाद्र्यानें १७१२ व १७२२ या सालीं तेथून स्वदेशीं जीं दोन पत्रें पाठविलीं, त्यांत विरविलेल्या चुन्याचा एक थर व वाळलेल्या नेच्याचा एक थर असे रचून ते जाळीत, व निघालेल्या राखेचे पुन्हां नेच्याबरोबर थर लावून तीच क्रिया पांच-सहा वेळां करीत, असें सविस्तर वर्णन आहे.

लांकडाची राख अशी रुळल्यावर शेतांतील राखेकडे कुंभाराचें लक्ष गेलें. जेथें भात हेंच जीवन तेथें पेंढा व तूस यांस तोटा नव्हता. लांकडाच्या राखेची झिलई पारदर्शक, हिरवट, पातळ अशी होते. तिच्यांत पेंढ्याची राख बरीच घातली म्हणजे तीच झिलई जाड, सायीसारखी आणि दुधी होते, आणि जेथें थर दाट असेल तेथें तिच्यांत निळसर झांक मारते. याचें कारण असें कीं, सिलिकेचा अंश फार वाढला म्हणजे वितळलेला रस निवतांना एकसारखा राहत नाहीं. एका कांचेंत दुसऱ्या कांचेचे अतिसूक्ष्म थेंब निराळे होतात, व त्यांवर प्रकाश विखुरतो. आकाश निळें दिसतें किंवा पाणी घातलेलें दूध कडेस निळसर दिसतें, त्याच प्रकारचा हा चमत्कार. कोणताही रंग न घालतां, केवळ शेतांतील कचऱ्यापासून, मेघाच्छादित आकाशाची छटा भांड्यावर उतरविण्याची ही युक्ति होय.

ही युक्ति सांगावयास सोपी, पण साधावयास कठीण. राख पांढरी होईपर्यंत जाळली तर ती कणखर होऊन नीट कुटली जात नाहीं. म्हणून जपानी कुंभार पेंढा सावकाश जाळून काळा असतांच विझवितो, मग तो कुटतो, पाण्यांत भिजवितो व वस्त्रगाळ करितो. लांकडाची राखही अनेक पाणी बदलून धुवावी लागते, कारण तिच्यांतील विद्राव्य खार हातास तर पोळवितोच, शिवाय झिलई बिघडवितो. धुणें कमी झालें तर एक परिणाम, अधिक झालें तर दुसरा. त्यांतून राख ही दर वर्षीं सारखी नसते. ज्या शेतांतील पेंढा गेल्या वर्षीं वापरला त्याच शेतांतील यंदाचा पेंढा निराळी राख देतो. डोंगरांतील झाडाची व नदीकांठच्या झाडाची राख एक नव्हे. तेव्हां ‘इतके भाग राख व इतके भाग माती’ अशी कृति लिहून ठेविली तरी ती दुसऱ्या गांवीं नेतांच निरुपयोगी ठरते. राखेचा राबडा बोटांस कसा लागतो, भांड्यावर किती लवकर सुकतो, भट्टींतील ज्वाला कोणत्या रंगाची झाली म्हणजे लांकूड घालणें थांबवावें, हें ज्याचें त्यास कळतें. आपल्याकडे गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं मस्तकें ठोकून कोण पक्का व कोण कच्चा याची पारख केली अशी कथा आहे. ती कुंभाराशिवाय दुसऱ्या कोणाच्या नांवावर शोभली नसती. या धंद्याची विद्या पोथींत नसून हातांत व कानांत असते. आणि म्हणूनच ज्यांस ती विद्या हवी होती त्यांना कृतीचा कागद पळवून चालण्यासारखें नव्हतें. माणूसच न्यावा लागला.

असें माणसें नेण्याचें कार्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस फार मोठ्या प्रमाणावर घडलें. १५९२ व १५९७ या सालीं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. राज्यलाभाच्या दृष्टीनें त्या सर्वस्वीं निष्फळ झाल्या. १५९८ सालीं हिदेयोशी मरण पावला व सैन्यें परतलीं. पण परततांना निरनिराळ्या सरदारांनीं जी लूट नेली तिच्यांत कोरियन कुंभार होते. त्या काळीं जपानी सरदारवर्गांत चहापानविधीचें वेड शिगेस पोंचलें होतें, आणि कोरियांतील साध्या, ओबडधोबड वाडग्यांस तेथें रत्नांची किंमत येत असे. तशीं भांडीं विकत घेत बसण्यापेक्षां तीं करणारे हातच आपल्या मुलखांत असावेत, हा हिशेब सरळ होता. मोरी घराण्यानें आणलेल्या कुंभारांपासून हागी येथील भांड्यांची परंपरा सुरू झाली, कुरोदा घराण्याच्या मुलखांत ताकातोरीची, होसोकावांच्या आश्रयानें आगानोची, शिमाझूंच्या मुलखांत सात्सुमाची. यी साम-प्यंग या कोरियन कुंभारानें १६१६ सालीं अरिता येथें जपानांतील पहिलें पोर्सेलिन केलें असें परंपरा मानते. त्या पोर्सेलिनच्या झिलईसाठींही इसु नांवाच्या वृक्षाच्या सालीची राख वापरीत. जपानी लोक या युद्धास ‘कुंभारांचें युद्ध’ असेंही म्हणतात.

या लोकांबरोबर पायानें फिरविण्याचें चाक व डोंगरउतारावरील अनेक दालनांची भट्टी यांचा प्रसार क्यूशू बेटांत झाला, आणि पेंढ्याच्या राखेची दुधी झिलईही रुजली. कारात्सू येथें तर युद्धाच्या थोडें अगोदरपासूनच कोरियन कुंभारांचा हात लागला होता. तेथील ठिपकेदार दुधी भांड्यांचें उत्तर कोरियांतील होएर्योंग येथील भांड्यांशीं जवळचें नातें आहे असें जाणकार सांगतात. काळ्या-तपकिरी झिलईवर पेंढ्याच्या राखेची पांढरी झिलई ओघळूं दिलेलीं जीं भांडीं तेथें होतात त्यांस ‘चोसेन-कारात्सू’ म्हणतात. चोसेन म्हणजे कोरिया. हागीच्या यी ग्यंग या कुंभारास १६२५ सालीं मोरी घराण्यानें ‘कोराइझाएमोन’ असें नांव दिलें, आणि तें पुढें त्याच्या वंशांत पदवीसारखें चालत आलें. त्यांतील ‘कोराई’ याचाही अर्थ कोरिया असाच आहे. माणसाचें मूळ नांव गेलें, पण तो कोठून आणला गेला तें त्याच्या नव्या नांवांत कायमचें कोरून राहिलें.

या कुंभारांचे हालच झाले असें म्हणणें एकांगी होईल. स्वदेशीं त्यांची गणना हलक्या वर्गांत होत असे. जपानांत कित्येकांस वेतन, जमीन व घराण्याचा मान मिळाला. परंतु मान मिळाला म्हणजे मोकळीक मिळाली असें नव्हे. सात्सुमांतील कोरियन वसाहतीवर तर आपलीं मूळचीं नांवें, पोशाख व भाषा सोडूं नयेत असें बंधन होतें. म्हणजे पिढ्यानुपिढ्या तेथें राहूनही त्यांनीं परकेच असावें अशी योजना होती. ताकातोरीचा मूळपुरुष हाचिझो हा कुरोदा नागामासा याच्याबरोबर आलेला. १६२३ सालीं नागामासा वारल्यावर त्यानें नव्या सरदारापाशीं, तादायुकीपाशीं, आपणांस मायदेशीं परत जाऊं द्यावें अशी विनंति केली. सरदारास त्याचा राग आला; हाचिझोचें वेतन बंद झालें व त्यास एका खेड्यांत स्थानबद्ध करण्यांत आलें. त्याच काळांत, १६०७, १६१७ व १६२४ या सालीं, कोरियाच्या राजाचीं जीं तीन शिष्टमंडळें जपानांत आलीं, त्यांच्या अधिकृत नांवांतच बंदिवानांस परत नेणें हा उद्देश घातलेला होता, व त्यांच्याबरोबर कित्येक लोक परतलेही. हाचिझो परतला नाहीं. कांहीं वर्षांनीं त्यास क्षमा झाली, नवी भट्टी मिळाली, आणि तिच्यांतील भांडीं आज जपानच्या अभिमानाचा विषय आहेत. चहाचा तो दुधी पेला हातीं घेणाऱ्यानें त्या कुंभाराच्या नाकारलेल्या विनंतीची आठवण ठेवावी, एवढेंच इतिहासाचें मागणें आहे.

आतां एक प्रश्न सहज उत्पन्न होतो. भात आपल्याकडेही पिकतो, राख घरोघर होते, आणि कुंभार तर गांवगाड्यांतील बलुतेदारच. मग राखेची झिलई आपल्याकडे कां निघाली नाहीं? राखेची आपल्या कुंभारास ओळख नव्हती असें तर मुळींच नाहीं. उत्तर प्रदेशांत बेलन नदीच्या खोऱ्यांत कोल्डिहवा येथें सांपडलेल्या नवाश्मयुगीन खापरांत भाताच्या तुसांच्या खुणा आहेत. आपला महाराष्ट्रीय कुंभार मातींत राख व घोड्याची लीद मळून घालतो, वीट करणारा तूस मिसळतो. त्यानें माती चिकट राहत नाहीं, सुकतांना तडकत नाहीं. व भाजतांना सेंद्रिय अंश जळून जीं सूक्ष्म छिद्रें राहतात त्यांतून पाणी पाझरून वाऱ्यानें उडतें आणि माठ गार राहतो. आवा रचल्यावरही तो पेंढा व राख यांनीं झांकून आंच आंत कोंडतात. सारांश, आपल्याकडे राख मातीच्या आंत होती व मातीच्या वरही होती; मातीवर ती वितळली मात्र नाहीं.

याचीं कारणें आंच व माती हीं दोन. गोवऱ्या व पेंढा यांनीं पेटणारा उघडा आवा सामान्यतः ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान तापतो. चुनखारी राख मातीशीं वितळून झिलई होण्यास सुमारें १,२०० अंश लागतात. बरें, तशी भट्टी बांधली असती तरी नदीकांठची आपली लोहयुक्त तांबडी माती त्या आंचेंत टिकत नाहीं. ती वांकते, फुगते आणि शेवटीं बसते. दक्षिण चीनच्या डोंगरांतील माती तशी आंच सोसणारी होती. शिवाय गरजेचाही विचार केला पाहिजे. टिकाऊ भांड्यांचें काम आपल्याकडे तांब्यापितळेनें केलें. मातीच्या घटाकडून अपेक्षा होती ती पाणी गार करण्याची, आणि सोहेर-सुतक, सण-संस्कार यांत नवा येऊन जुना टाकला जाण्याची. अशा भांड्यास कांचेचें कवच चढविणें म्हणजे त्याचा गुणच घालविणें झालें असतें.

मरुभूमींतील राखेची गोष्ट याहून निराळी. खाऱ्या जमिनींतील झुडपें चुन्याऐवजीं सोडा भरपूर घेतात, व सोड्यानें सिलिका पुष्कळच कमी आंचेवर वितळते. इराणांत काशान येथील कुंभारघराण्यांत जन्मलेल्या अबुल कासिम यानें १३०१ सालीं लिहिलेल्या निबंधांत अशा वनस्पतींच्या राखेची झिलई वर्णिली आहे. सिंध व मुलतान येथील निळीं भांडीं व फरशा याच परंपरेंतील. त्यांस लागणारा सज्जीखार झुडपें जाळूनच काढीत. या धाग्याचें एक टोंक मुंबईसही येऊन पोंचलें होतें. सिंध जेव्हां मुंबई इलाख्यांत होता त्या काळीं, १८७० नंतरच्या दशकांत, सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉर्ज टेरी यांनीं सिंधी कुंभारकामाच्या धर्तीवर झिलईचीं भांडीं मुंबईंत करविण्याचा उद्योग आरंभिला होता. तो पुढें दीर्घकाळ टिकला नाहीं.

विसाव्या शतकांत राखेचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीनें होऊं लागला. १९२० सालीं बर्नार्ड लीच हा इंग्रज कुंभार जपानांत कला शिकून हामादा शोजी यासह इंग्लंडांत सेंट आइव्हज येथें परतला. त्याची शिष्या कॅथरिन प्लेडेल-बूव्हरी हिनें आपल्या घराण्याच्या कोल्सहिल येथील जमिनींतील नानाविध झाडाझुडपांच्या राखा वेगवेगळ्या करून प्रत्येकीची झिलई कशी होते याच्या काळजीपूर्वक नोंदी ठेविल्या. जें ज्ञान हाचिझोच्या हातांत होतें तें प्रथमच वहींत उतरूं लागलें.

त्यानंतर राख कलाभवनांतून कारखान्यांत गेली. पोर्सेलिनच्या मातींत गारगोटीची पूड घालावी लागते; पण गारगोटीच्या स्फटिकाचें आकारमान ५७३ अंशांवर एकाएकीं बदलतें, व निवतांना तिच्या कणांभोंवतीं सूक्ष्म चिरा पडतात. गारगोटीऐवजीं तुसाची राख घातली तर तिची सिलिका स्फटिकरूप नसल्यानें व अत्यंत बारीक असल्यानें ती लवकर विरघळते. भारतीय संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशी माती कमी उष्णतेंत घट्ट भाजते व तापल्यावर तिचें प्रसरणही कमी होतें असें आढळून आलें. अट एकच: तूस सुमारें ७०० अंशांच्या आंत जळलें पाहिजे, अधिक तापलें तर सिलिका स्फटिकरूप होऊन कठीण बनते. पेंढा पांढरा होईपर्यंत जाळूं नये, हा जपानी कुंभाराचा नियम वाचकांस येथें आठवेल. त्याचप्रमाणें पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या रसावर उष्णता कोंडण्यासाठीं तुसाचीच राख पसरतात. आपल्या आव्यावरील राखेचें काम याहून वेगळें नाहीं.

कारखान्यांची मुख्य तक्रार मात्र जुनीच आहे: एका गिरणीची राख दुसरीसारखी नसते. ती अडचण रसायनशाळा पृथक्करणानें दूर करितात, कुंभार बोटांनीं दूर करीत असे. कोरियन कुंभारांची विद्या जगली, कारण ती कोणा सरदारास हवीशी वाटली. त्यांचीं अर्धींमुर्धीं कां होईना पण नांवें राहिलीं. आपल्या कुंभाराच्या विद्येचा कोणीं अपहारही केला नाहीं आणि कोणीं नोंदही केली नाहीं. कोणत्या गांवची माती किती राख मागते, लीद केव्हां व तूस केव्हां, आवा उकलण्याची वेळ कशावरून ओळखावी, हें सांगणारीं वृद्ध माणसें अजून खेडोपाडीं आहेत. त्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत शिरलीं आहेत. सुशिक्षित वर्गानें सुटीच्या दिवसांत आपापल्या गांवच्या कुंभाराकडे जाऊन हें विचारून टिपून ठेविलें, तर त्यास फारसा खर्च नाहीं. नाहीं टिपलें, तर त्या विद्येची मात्र खरोखरच राख होईल, आणि त्या राखेची झिलई कोणासही करतां येणार नाहीं.